आयझॅक सिंगर : दंतकथा आणि माणूस
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराच्या पडवीत ज्वारीच्या पोत्यांमागे एक शिवणयंत्र कित्येक वर्षे पडून होते. बिडाचे नक्षीदार पाय, त्यांच्यामध्ये जाळीदार पायडल, वर काळे डोके आणि त्यावर सोनेरी अक्षरांत एक इंग्रजी नाव. ते आजीचे मशीन. १९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडली. त्यातून सावरल्यावर दोन वर्षांनी तालुक्याच्या गावातील एका शिंप्याकडून तिने हे जुनेच मशीन हप्त्याने घेतले. त्या मशीनवर तिने घर चालवले. आई तिच्याच हाताखाली शिवण शिकली, आणि आईच्या शिलाईच्या पैशांतून मी आज या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

गेल्या पावसाळ्यात शहरातून एक गृहस्थ जुन्या वस्तू धुंडाळत गावात आले. त्यांना मशीन नको होते, फक्त बिडाचे पाय हवे होते. त्यांच्यावर काच टाकून हॉटेलांसाठी टेबले करतात म्हणे. वरचे डोके ते भंगाराच्या भावाने, वजनावर घ्यायला तयार होते. काकांना किंमत बरी वाटली. आई काही बोलली नाही. मी मात्र दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. सुट्टीत मशीन चालू झाले तर ठेवायचे, नाही झाले तर देऊन टाकायचे, असे ठरले.

मशीनवरचे नाव होते सिंगर. हे नाव मी प्रथम शाळेत ऐकले होते. आमचे सर गांधीजींची एक आठवण सांगत. १९२४ साली शांतिनिकेतनचे एक विद्यार्थी रामचंद्रन यांनी गांधीजींना विचारले की, आपण सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? त्यावर गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. आपली पत्नी हाताने टाके घालून दमते हे सिंगरला पाहवले नाही आणि तिच्यावरील प्रेमापोटी त्याने हे यंत्र शोधले, असे त्यांनी सांगितले. ही गोष्ट मला फार आवडे. आजीच्या मशीनच्या मागे कोठेतरी अशी एक दमलेली बाई आणि तिच्या कष्टांनी कळवळलेला नवरा आहे, असे वाटे. सिंगरचे चरित्र वाचायला घेतले ते त्या पत्नीचे नाव शोधण्यासाठी. चरित्रात एक नव्हे, पाच स्त्रिया सापडल्या. आणि त्यांपैकी एकीच्याही कष्टांसाठी हे यंत्र जन्मले नव्हते.

आयझॅक मेरिट सिंगरचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, पिट्सटाउन या खेड्यात झाला. वडील जर्मनीतून आलेले. आठ भावंडांत हा धाकटा. तो दहा वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले; सावत्र आईशी याचे पटेना. बाराव्या वर्षी तो रॉचेस्टर गावी थोरल्या भावाकडे निघून गेला. शिक्षण बेताचेच झाले. एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे आज माझे जे वय आहे त्या वयात, तो एका यंत्रशाळेत उमेदवार म्हणून लागला. हात यंत्रात चाले, पण मन रंगभूमीकडे ओढ घेई. काही महिन्यांतच काम सोडून तो एका फिरत्या नाटक मंडळीत शिरला. अंगाने धिप्पाड, उंची सहा फुटांहून अधिक, आवाज भारदस्त. त्याच सुमारास, १८३० मध्ये, त्याने कॅथरिन हेली या मुलीशी लग्न केले.

पुढची वीस वर्षे सिंगरची अशीच गेली. नाटकाने पोट भरेना म्हणजे तो यंत्रशाळेत जाई, आणि चार पैसे गाठीला लागले की पुन्हा नाटकात. १८३६ मध्ये बाल्टिमोर येथे त्याची मेरी ॲन स्पॉन्सलर या तरुणीशी ओळख झाली. आपले लग्न झालेले आहे हे त्याने तिला सांगितले नाही. ती त्याची पत्नी म्हणून राहू लागली, त्याच्याबरोबर रंगमंचावर उभी राहिली आणि पुढे त्याच्या दहा मुलांची आई झाली. लग्न मात्र त्याने तिच्याशी कधीच केले नाही.

१८३९ मध्ये इलिनॉय येथे कालव्याच्या कामावर असताना त्याने खडक फोडण्याचे एक यंत्र बनवले व त्याचे हक्क २,००० डॉलरना विकले. इतकी रक्कम त्याने जन्मात पाहिली नव्हती. दुसरा कोणी असता तर त्याने कारखाना काढला असता. सिंगरने नाटक कंपनी काढली! ती पाचेक वर्षे गावोगाव फिरली आणि ओहायो राज्यातील एका लहानशा गावात पैशांअभावी बंद पडली. मग पुन्हा यंत्र. लाकडी व धातूचे खिळे, म्हणजे छापखान्यातली अक्षरे, कोरण्याचे यंत्र त्याने तयार केले आणि १८४९ मध्ये त्याचा हक्क नोंदवला. न्यूयॉर्कच्या ज्या कारखान्यात त्याचा नमुना ठेवला होता, तेथे बाष्पकाचा स्फोट झाला आणि नमुन्याचा चुराडा झाला. वयाची चाळिशी जवळ आली होती आणि हाती काहीच नव्हते.

अशा वेळी जॉर्ज झीबर नावाच्या एका पुस्तक प्रकाशकाने भांडवल दिले. दोघे बोस्टनला आले आणि १८५० मध्ये ऑर्सन फेल्प्स याच्या कार्यशाळेत त्यांनी अक्षरे कोरण्याचे नवे यंत्र मांडले. गिऱ्हाईक फिरकेना. फेल्प्सकडे मात्र शिवणयंत्रे बनत, आणि बनत त्याहून अधिक दुरुस्तीसाठी परत येत. त्यांतले शटल, म्हणजे खालचा दोरा नेणारी नाव, वर्तुळात फिरे. त्यामुळे प्रत्येक फेरीला दोऱ्याला पीळ बसे. सिंगरने ते पाहिले आणि सुचवले की, शटल गोल फिरवण्याऐवजी सरळ रेषेत पुढेमागे न्यावे, सुई वाकडी व आडवी न ठेवता सरळ उभी ठेवून वरखाली करावी आणि कापड आडव्या पाटावर दाबून धरून पुढे सरकवावे. आज आपण कोणतेही शिवणयंत्र डोळ्यांपुढे आणले तर हेच चित्र दिसते.

खरे तर शिवणयंत्रासारखी किरकोळ वस्तू करणे त्याला कमीपणाचे वाटत होते. आपल्याला शोधाशी नव्हे, पैशाशी कर्तव्य आहे, असे तो उघड म्हणे. तरीही कामाला लागल्यावर त्याने दिवस-रात्र पाहिली नाही. त्याच्याच सांगण्याप्रमाणे ४० डॉलर आणि ११ दिवस, एवढ्यात यंत्र उभे राहिले. शेवटच्या रात्री शिवून पाहिले तर टाका धरेना. कापडाच्या एका बाजूला दोऱ्याचे सैल फास लोंबू लागले. कारागीर कंटाळून निघून गेले. सिंगर आणि झीबर बिऱ्हाडाकडे निघाले. वाटेत फळ्यांच्या ढिगावर टेकले असताना झीबरने त्या सैल फासांचा विषय काढला, आणि सिंगरच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. वरच्या दोऱ्याला ताणच दिलेला नव्हता! दोघे तसेच परत फिरले, दिव्याच्या उजेडात ताण बसवला, आणि यंत्राने पाच टाके नीट घातले. मग दोरा तुटला. पण ते पाच टाके पुरेसे होते. १२ ऑगस्ट १८५१ रोजी सिंगरला या यंत्राचा हक्क मिळाला. तो नोंदवताना सादर केलेला नमुना आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे.

पायडलची गोष्ट याहून गमतीची आहे. यंत्र ज्या खोक्यात घालून पाठवायचे, तेच खोके त्याने मेज म्हणून वापरले आणि त्याला पायाने हलवायची फळी जोडली. दोन्ही हात कापडासाठी मोकळे झाले. या फळीचा हक्क वेळेत नोंदवायचे मात्र त्याच्याकडून राहून गेले. जगभर ज्या गोष्टीने त्याचे यंत्र ओळखले जाते, तीच त्याच्या मालकीची झाली नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मग शिवणयंत्राचा जनक सिंगर का? उत्तर असे आहे की तो एकटा नव्हे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिये या शिंप्याने १८३० मध्येच यंत्र केले होते. पॅरिसमध्ये त्याच्या यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जात. आपली रोजी बुडेल या भीतीने १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे फोडली. तिमोनिये १८५७ मध्ये गरिबीतच वारला. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३४ च्या सुमारास टोकाला नेढे असलेली सुई आणि शटल यांच्या साहाय्याने दोन दोऱ्यांची टीप घालून दाखवली, पण हाताने शिवणाऱ्या बायका उघड्यावर पडतील म्हणून त्याने ती गोष्ट पुढे नेली नाही. आणि १० सप्टेंबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या एलायस हाव याने याच तत्त्वावरील यंत्राचा हक्क नोंदवला. हाव प्रकृतीने अशक्त होता. घर चालवण्यासाठी त्याची पत्नी एलिझाबेथ रात्री लोकांचे शिवण घेऊन बसे. तिच्याकडे पाहता पाहता त्याला यंत्र सुचले, असे सांगतात. म्हणजे गांधीजींच्या आठवणीतली ती दमलेली पत्नी सिंगरच्या घरापेक्षा हावच्या घरी अधिक शोभते. दुर्दैव असे की यंत्राचे सुख तिच्या वाट्याला आले नाही. इंग्लंडमध्ये नशीब काढायला गेलेला हाव १८४९ मध्ये रिकाम्या हाताने परतला आणि त्यानंतर लवकरच ती क्षयाने गेली.

परतल्यावर हावने पाहिले की आपल्या कल्पनेवर इतरांची दुकाने चालली आहेत. त्याने दावे लावले. १८५४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि सिंगरला त्याला १५,००० डॉलर द्यावे लागले. तरी भांडणे मिटेनात, कारण चांगले यंत्र करायला लागणारे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे होते आणि एकाचे दुसऱ्यावाचून चालत नव्हते. शेवटी १८५६ मध्ये हाव, सिंगर आणि आणखी दोन कंपन्यांनी आपापले हक्क एकत्र केले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रामागे हावला प्रथम ५ डॉलर मिळू लागले. हाव श्रीमंत झाला आणि १८६७ मध्ये वारला.

सिंगरच्या यशात दुसरा मोठा वाटा एडवर्ड क्लार्क या वकिलाचा. १८५१ मध्ये तो भागीदार झाला. यंत्राची किंमत सुरुवातीला शंभर डॉलरच्या वर होती आणि साध्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न पाचशेच्या आसपास. एवढी रक्कम एकदम कोण काढणार? १८५६ मध्ये क्लार्कने हप्त्याने विक्री सुरू केली. थोडे पैसे भरा, यंत्र घरी न्या आणि बाकी महिन्याच्या महिन्याला फेडा. आज फ्रीजपासून मोटारसायकलपर्यंत सारे हप्त्यावर येते, त्या पद्धतीचा हा मोठा आरंभ होय. सिंगरने आपले नाटकी अंग येथे कामाला लावले. जत्रा-प्रदर्शनांत तो स्वतः उभा राहून यंत्र दाखवी. न्यूयॉर्कच्या दुकानात गालिचे, मऊ खुर्च्या आणि भरभर शिवणाऱ्या तरुण मुली असा थाट त्याने मांडला. बायकांना यंत्र जमणार नाही, हा समज त्याने बायकांकडूनच खोटा ठरवला.

काम खरोखरच भरभर होई. १८६१ मध्ये एका प्रतिस्पर्धी कंपनीने आकडे दिले की, पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागतात आणि यंत्रावर १ तास १६ मिनिटे. अर्थात ही वाचलेली मिनिटे शिवणाऱ्या बाईच्या पदरात पडलीच असे नाही. तेवढ्याच पैशांत अधिक कपडे शिवून घेणारे मालकही त्याबरोबर वाढले. नगावर मजुरी घेणाऱ्या आईकडे पाहून हे मला पुस्तकावाचून कळते.

यश आले आणि माणूस उघडा पडला. फेल्प्सला भागीदारीतून लवकरच बाजूला करण्यात आले. झीबर १८५१ च्या अखेरीस आजारी पडला, तेव्हा सिंगरने त्याच्या उशाशी बसून, तू यातून उठणार नाहीस असे डॉक्टरचे मत आहे, असे सांगितले. घाबरलेल्या झीबरने आपला हिस्सा ६,००० डॉलरना लिहून दिला. झीबर पुढे बरा झाला. त्या फळ्यांच्या ढिगावर शेजारी बसलेला हाच तो माणूस!

घरची कहाणी तर ऐकवत नाही. कॅथरिन ही लग्नाची पत्नी, मेरी ॲन ही जगापुढची पत्नी. शिवाय आणखी दोन बिऱ्हाडे न्यूयॉर्कमध्येच निराळ्या नावांनी चालू होती. १८६० मध्ये त्याने कॅथरिनशी काडीमोड घेतला. मेरी ॲनला वाटले, चोवीस वर्षांनी आता तरी आपले लग्न लागेल. त्याच वर्षी भर रस्त्यात तिने त्याला दुसऱ्या स्त्रीबरोबर बग्गीत पाहिले. तिने आरडाओरडा केला. घरी येऊन त्याने तिला मारहाण केली. तिने तक्रार दिली, त्याला अटक झाली, आणि जामिनावर सुटून तो युरोपात निघून गेला. क्लार्क यामुळे संतापला. १८६३ मध्ये जुनी भागीदारी मोडून नवी कंपनी स्थापन झाली. दोघांनी सारखा हिस्सा घेतला आणि सिंगर कारभारातून बाजूला झाला. त्याच वर्षी त्याने इझाबेला बॉयर या तरुणीशी लग्न केले. पाच स्त्रियांपासून त्याच्या २४ मुलांची नोंद आहे.

शेवटची वर्षे त्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंटन येथे काढली. तेथे तो एक प्रचंड वाडा बांधत होता. तो पुरा होण्याआधीच २३ जुलै १८७५ रोजी त्याचा अंत झाला. मागे सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरची मालमत्ता होती. त्यातून कॅथरिनच्या मुलाला, विल्यमला, फक्त ५०० डॉलर मिळाले. काडीमोडाच्या वेळी तो आईच्या बाजूने बोलला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

यंत्र मात्र धन्याच्या मागे जगभर गेले. हिंदुस्थानात ते १८७० नंतरच्या काळात येऊ लागले आणि येथील व्यापार एन. एम. पटेल नावाच्या पारशी गृहस्थांनी अनेक वर्षे सांभाळला. शिंपी ते खांद्यावरून गावोगाव नेऊ लागले. पुढे १९३५ मध्ये कलकत्त्यात उषा मशीनचा उद्योग सुरू झाला आणि देशी यंत्रेही घरोघरी आली.

आजीच्या मशीनच्या पाटावर एक क्रमांक कोरलेला आहे आणि त्याच्या आधी वाय हे अक्षर. जुनी यंत्रे जमवणारे लोक या अक्षरावरून कारखाना व काळ ओळखतात. वाय म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइडबँक. तेथे १९११ मध्ये, लाकडाला झिलई करणाऱ्या बायकांच्या एका तुकडीतून तिघींना कमी करून त्यांचे काम उरलेल्यांवर लादले गेले, तेव्हा त्यांच्यासाठी जवळजवळ सारा कारखाना, सुमारे ११,००० कामगार, संपावर गेला. संप मोडला आणि शेकडो जणांचे काम गेले. असली यंत्रे करणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असेही गांधीजी त्याच संभाषणात म्हणाले होते. सिंगरविषयीची हकीकत त्यांनी ऐकली तशी सांगितली असावी. यंत्र माणसाचे कष्ट हलके करते की माणसालाच निकामी करते, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि तो हकीकत खोटी ठरली तरी खरा राहतो. क्लाइडबँकचा तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींनी मला हाताशी धरले. जाम झालेले चाक जोर लावून फिरवायचे नाही, हा पहिला धडा. सांध्यासांध्यांत रॉकेलचे थेंब सोडायचे आणि वाट पाहायची. पाचव्या दिवशी चाक केसभर हलले. सुईखालची पट्टी काढली तर दातऱ्यांत कापसाची गच्च वळकटी बसलेली, आणि तिच्यात लाल, हिरव्या, निळ्या दोऱ्यांचे तुकडे. आजीने शिवलेल्या परकर-पोलक्यांचे रंग! लांबट बॉबिन नावेसारख्या शटलमध्ये अजून तशीच होती. चामड्याचा पट्टा तेवढा नवा घातला. डोक्यावरच्या सोनेरी नक्षीत स्त्रीमुखी सिंहाचे चित्र आहे. ते चकचकीत करण्याच्या उत्साहात, मिस्त्रींना न विचारता, मी कापसाला स्पिरिट लावून पुसले आणि त्याचा एक पंजा पुसून गेला. स्पिरिटने वरची लाख विरघळते हे मला नंतर कळले. मिस्त्री रागावले नाहीत. मळ काढावा, पण मुळातले पुसू नये, एवढेच त्यांनी सांगितले. हा लेख लिहिताना ते मला पुष्कळदा आठवले. सिंगरला साधू करून सांगणे सोपे होते. दुष्ट म्हणून सोडून देणेही सोपे होते. पण त्या रात्री दिव्याच्या उजेडात परत फिरणारा आणि झीबरच्या उशाशी बसून खोटे बोलणारा, हा एकच माणूस होता.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी पायडलवर पाय ठेवला. चाक उलटे फिरले आणि दोरा तुटला. आई हसली, मला उठवून स्वतः बसली, आणि टीप पडू लागली. आता वीज गेली की आई विजेची मोटार लावलेले आपले मशीन सोडून याच मशीनवर येते. शहरातल्या गृहस्थांना नकार कळवला आहे. काकाही आता किंमत काढत नाहीत.

सिंगरचे सगळे चरित्र मी आईला सांगितले. पाच स्त्रिया, चोवीस मुले, झीबर, विल्यमचे पाचशे डॉलर. ती शिवता शिवता ऐकत होती. मला वाटले, मशीनवरचे ते नाव तिला आता नकोसे होईल. तिने दोरा दातांनी तोडला आणि सांगितले की, आजीने शेवटचा हप्ता फेडला त्या दिवसापासून मशीन आजीचे आहे. वर नाव कोणाचे का असेना.